अकराला झोपणारं मूल आणि साडेनऊची घाई

हे प्रकरण बेळगावच्या वडगाव भागातल्या एका कुटुंबाचं आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला इथं चिंटू म्हणू. वय दोन वर्षं सात महिने. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. आई घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. सोबत वडिलांची आई. तक्रार एकच: रात्री झोपायच्या वेळी रोज दीड-दोन तास रडारड, आणि शेवटी घरातलं कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं.

लहान मुलांच्या झोपेच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम आहे. पण हे प्रकरण माझ्याकडे दवाखान्यातल्या खुर्चीवर आलं नाही. ते प्रसूती विभागाबाहेरच्या बाकावर, जूनच्या पावसात, रात्री अकरापर्यंत तुकड्यातुकड्यांनी उलगडत गेलं. खुर्चीवर बसलेली आई मोजकं बोलते, स्वतःला सांभाळून बोलते. बाकावर तसं होत नाही. तिथं सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असतात, हातात दुसरं काम नसतं, आणि माणसं दिवसभराचं खरं वेळापत्रक सांगून टाकतात. हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळे.

बाकावर कोण होतं

चिंटूची आई आणि मी, आम्हा दोघींची एक मैत्रीण पहिल्या बाळंतपणासाठी सकाळी दाखल झाली होती. तिची आई नंदगडच्या बाजूच्या गावाहून निघाली होती, पण पावसामुळे पोचायला रात्र होणार होती. तोवर तिच्याजवळ चिंटूची आई होती. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात आहे. आपल्याकडे २०१७ साली सुरू झालेल्या, प्रसूतीगृहं सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते धरलेलं आहे. मैत्रिणीला नवऱ्याच्या घरची नको होती, शाळेपासूनची मैत्रीण हवी होती. तिला ती मिळाली, याचं मला फार बरं वाटलं.

बाहेर मी, मैत्रिणीचा नवरा, त्याची मोठी बहीण आणि बैलहोंगलकडच्या एक अज्जी. अज्जींची लेक त्याच खोलीत होती. त्या कानडी बोलत होत्या. नवऱ्याची बहीण चिक्कोडीला दिलेली, तिचं कानडी पक्कं, तिनं मधल्यामधे इकडचं तिकडे केलं.

दुपारी सिस्टरनी सांगितलं, "दोन बोटं उघडलंय." संध्याकाळी सातलाही जेमतेम तेवढंच. नवऱ्याचा चेहरा उतरला. पहिलटकरणीचा सुरुवातीचा टप्पा लांबतो. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा वेळ किती लागावा याला ठरावीक माप नाही, आणि तिथून पुढेही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. हे त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर तो दर दहा मिनिटांनी उठला नसता.

चिंटूची आई अधूनमधून चहाला बाहेर यायची. आली की आधी फोन बघायची. आज पहिल्यांदाच चिंटू तिच्याशिवाय झोपणार होता.

बोलण्यातून जे हाती आलं

"माझ्या कुशीत दोन तास लागतात, त्यांच्याकडं कसा झोपणार?" ती म्हणाली. मग रोजचं सांगत गेली. साडेनऊला दिवा बंद. मग पाणी. मग शू. मग पुन्हा भूक. मग "पप्पा पायजेत." मग दार उघडून बाहेर पळ. आजी आतून हाक मारते, "बुवा आला बघ." कधी सिस्टर आणि सुईचं भय. सव्वाअकरा, साडेअकराला कधीतरी डोळा लागतो. "झोपतच न्हाई गे हा," ती मला म्हणाली, "डॉक्टरकडनं काही औषध मिळतंय काय?"

नवऱ्याच्या बहिणीचं मत तयार होतं. तिची दोन मुलं आता शाळेत जातात. "आईजवळ मुलं नाटक करतात. लाड आहेत नुसते."

चिंटूची आई गप्प झाली. पोर झोपलं नाही की बोट आईकडे जातं, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो.

एवढ्यात अज्जींनी काहीतरी विचारलं. बहिणीनं मराठीत सांगितलं, "दुपारी किती झोपतंय म्हणून विचाराल्यात."

दुपारी तीनला आजीबरोबर आडवा होतो, साडेपाचला उठतो. मग दोघांचा चहा, चिंटूला बशीत खारी बुडवून. सकाळी साडेआठ-पावणेनऊशिवाय उठत नाही. रात्री उशिरा झोपलेला असतो, म्हणून त्याला कुणी उठवत नाही. वडील सव्वानऊला येतात. गाडीचा आवाज आला की चिंटू दारात. त्याला टाकीवर बसवून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. मग जेवताना मोबाइलवर जेसीबीचे व्हिडिओ, म्हणजे दोन घास जास्त जातात. आणि मग लगेच दिवा बंद.

मी तिथंच बोटांवर हिशेब केला. रात्री साडेअकरा ते सकाळी पावणेनऊ, सव्वानऊ तास. दुपारचे अडीच. एकूण पावणेबारा तास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेलं माप एक ते दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास असं आहे, दुपारची झोप धरून. चिंटू दोन्ही मापांत बसत होता. त्याची झोप पुरी होत होती. पुरी होत नव्हती ती आईची, जी पहाटे साडेपाचला उठते, आणि पाणी सोडायच्या दिवशी त्याच्याही आधी.

म्हणजे "झोपतच नाही" हे वाक्य चिंटूबद्दल खरं नव्हतं. तो साडेनऊला झोपत नव्हता, एवढंच. साडेनऊला त्याला उठून जेमतेम चार तास झालेले असायचे, पोटात चहा असायचा, आणि दिवसभर ज्याची वाट बघितली तो बाप पंधरा मिनिटांपूर्वी घरात आलेला असायचा.

त्या रात्री घरी काय झालं

नऊच्या सुमाराला वडिलांचा फोन आला. मागे चिंटू रडत होता. आई व्हिडिओ कॉल लावायला निघाली, तर बहिणीनं हात धरला, "नको लावू. तुला बघितलं की आणि जोरात रडंल." या बाबतीत तिचं बरोबर होतं. आईनं नुसता आवाज दिला, उद्या येते म्हणाली आणि आत गेली.

सव्वादहाला पुन्हा फोन. झोपला. वडिलांच्या पोटावर, त्रास न देता.

आईनं दोनदा विचारलं, "खरंच?" आणि मग तिचे डोळे भरले. आनंद होता, आणि दुखलंही होतं. आपल्याशिवाय चालतं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा दुखतंच. बहीण लगेच म्हणाली, "बघ, म्हणालं न्हवं मी? तू नव्हतीस म्हणून झोपला."

इथं मी मधे पडले. कारण हा निष्कर्ष त्या घरात गेला असता तर पुढची कित्येक वर्षं तोच चालला असता. मी चिंटूच्या वडिलांना फोन लावून त्या दिवसाचं सगळं विचारलं.

आजी दुपारी डबा घेऊन इकडे आल्या होत्या, म्हणून चिंटू शेजारणीकडे होता. तिथं जेवून दीडलाच खाटेवर कलंडला, अडीचला उठला. आजी नाहीत म्हणून संध्याकाळचा चहा झालाच नाही, शेजारणीनं केळं दिलं. वडील अर्धी रजा टाकून पाचलाच घरी आले होते. त्यामुळे गाडीवरची फेरी, कुस्ती, घोडा-घोडा सगळं आठच्या आत उरकलं. आणि रुग्णालयातून कधीही फोन येईल म्हणून वडिलांनी मोबाइल चार्जिंगला लावून उंच फळीवर ठेवला होता, चिंटूला दिलाच नव्हता.

सव्वादहाला झोपला तेव्हा त्याला जागं होऊन पावणेआठ तास झाले होते. एरवी साडेअकराला झोपतो तेव्हाही सहाच झालेले असतात. त्या दिवशी आई नव्हती हा एक बदल. त्याखेरीज चार बदल झाले होते, आणि ते चारही झोपेच्या बाजूचे होते. आई तिथं असती तरी तो त्या रात्री लवकरच झोपला असता, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या आठवड्यांत ते दिसलंही.

मैत्रिणीची आई अकरानंतर पोचली, भिजलेली. चिंटूची आई मोकळी झाली. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मुलं अंथरुणात का भांडतात

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा थकवा. दुपारी उशिरा झोपलं की तो बराच उतरतो आणि रात्रीसाठी पुरेसा साठत नाही. दुसरं शरीराचं घड्याळ, जे सकाळच्या उजेडावर लागतं आणि संध्याकाळी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडून रात्र झाल्याचं कळवतं. नेहमीच्या झोपेच्या आधी काही वेळ हे घड्याळ उलट जास्त जागं ठेवतं. त्या वेळात मूल धावतं, हसतं, उड्या मारतं. घरचे म्हणतात, "झोपायच्या वेळीच याच्या अंगात येतं." येतं खरं. कारण त्याच्या शरीराच्या हिशेबानं ती अजून झोपायची वेळ झालेली नसते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंटूच्याच वयाची, अडीच ते तीन वर्षांची चौदा मुलं घेतली होती. संध्याकाळी त्यांच्या लाळेतलं मेलाटोनिन मोजलं. ज्यांना मेलाटोनिन चढायच्या आधी किंवा चढता चढता अंथरुणात घातलं जात होतं, ती झोपायला जास्त वेळ लावत आणि विरोधही जास्त करत. मुलं थोडी आहेत, पण जे दिसलं ते मी घरोघरी बघते त्याच्याशी जुळतं.

म्हणून झोपेचं भांडण मी रात्री सोडवायला जात नाही. सकाळ आणि दुपार हातात घेते.

काय ठरलं

बाळंतपणानंतरच्या आठवड्यात मी चिंटूच्या घरी गेले. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजची उठायची, दुपारची आणि रात्रीची वेळ लिहून ठेवली होती. वेळा बाकावर सांगितल्या तशाच होत्या.

आधी नेहमीची चौकशी केली. घोरतो का, तोंड उघडं टाकून श्वास घेतो का, झोपेत पाय फार झाडतो का, रात्री ढुंगण खाजवतो का. घोरणं असेल तर टॉन्सिल-ॲडिनॉइड, म्हणजे घशातल्या आणि नाकामागच्या गाठी, बघावे लागतात. पाय झाडण्यामागे लोह कमी असू शकतं. खाजेमागे बारीक कृमी असतात, त्यांची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते. चिंटूचं यातलं काही नव्हतं. जंताची गोळी मात्र मागच्या खेपेला चुकली होती. मुलांच्या डॉक्टरांना दाखवून ती दिली. झोपेचं औषध मागू नका, हे मी स्पष्ट सांगितलं.

सकाळी सव्वासातला उठवायचं, रात्री कितीही वाजता झोपला असला तरी, रविवारीही. उठल्यावर अंगणात, उजेडात. हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं.

दुपारवर घोडं अडलं. आजी पहाटे उठतात, त्यांची पाठ दुखते, तीन ते साडेपाच हीच त्यांची विश्रांती. चिंटू त्या वेळी जागा असला तर त्यांना झोप कशी मिळणार? असल्या सल्ल्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग मोजलं जात नाही, आणि मग सल्ला दोन दिवसांत मोडतो. शेवटी असं ठरलं की सगळ्यांचं जेवण साडेबाराला, चिंटू आणि आजी एक ते तीन झोपतील, आणि तीननंतर आजीला पडावंसं वाटलं तर आई मशीन बंद करून चिंटूला घेऊन बाहेर बसेल. आईच्या शिवणाचा एक तास त्यात गेला. तो तिनं रात्री भरून काढला, चिंटू झोपल्यावर.

चहाच्या जागी नाचणीची आंबील. चहातलं कॅफीन झोप लांबवतं, आणि चहामुळे जेवणातलं लोहही अंगी कमी लागतं. आजींना वाईट वाटलं, बशीतला चहा हा दोघांचा लाड होता. म्हणून लाड ठेवला, बशी ठेवली, आत आंबील.

मोबाइल जेवणाच्या पाटावरून उठला. दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, हे संघटनेचं त्याच २०१९ चं माप आहे, आणि त्याहून कमी तेवढं चांगलं. सुरुवातीला चिंटू दोन घास कमी जेवला. कुणी मागे लागलं नाही, सकाळी भाकरी मागून खाल्ली.

आणि वडील. काही पुस्तकांत मुलाला रात्री आठलाच झोपवा असं लिहिलेलं असतं. सव्वानऊला घरी येणाऱ्या बापाच्या घरात तो सल्ला मी देणार नाही. दिवसातून एकदा भेटणारा बाप झोपेसाठी काढून घेतला तर पोराचं भलं होत नाही. आम्ही फक्त त्या भेटीचा वेग उतरवला. गाडीवरची फेरी रविवार सकाळवर गेली. रोज वडील हातपाय धुऊन चिंटूला घेऊन मंद दिव्यात बसायचे, त्याच्या तळपायांना तेल चोळायचे आणि गोष्ट सांगायचे. "मला गोष्टी येत नाहीत," ते म्हणाले होते. मग त्यांनी फाउंड्रीचंच सांगितलं: वाळूचा साचा कसा करतात, भट्टीत लोखंड पाण्यासारखं कसं होतं, ते साच्यात ओततात, मग गार होऊ देतात. चिंटूला दुसरी गोष्टच नको झाली. रोज तीच, त्याच शब्दांत. "आता गार होऊ दे" म्हणताना तो आडवा व्हायचा.

तोच क्रम रोज ठेवण्यात मोठा गुण आहे. २००९ साली ४०५ आयांचा आणि त्यांच्या सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास झाला. अंघोळ, अंग चोळणं, शांत काहीतरी आणि दिवा बंद, एवढंच रोज त्याच क्रमानं केलं. मुलं दोन आठवड्यांत लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली.

सगळ्यात अवघड गेली ती रात्रीची सूचना: सुरुवातीला त्याला सव्वाअकरालाच झोपवा. आजी म्हणाल्या, "लवकर झोपावं म्हणून तुला बोलावलं, तर तू उशिरा झोपवा म्हणालीस?" मी समजावलं, की आधी अंथरूण आणि झोप यांची गाठ पडू दे. अंथरुणात घातलं की वीस मिनिटांत डोळा लागतो, हे चार-पाच रात्री दिसू दे, मग दर तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे येऊ. बुवा आणि सुई दोन्ही बंद. भ्यालेलं मूल अंगाला चिकटतं आणि जास्त जागं राहतं.

पुढचं

पहिले चार-पाच दिवस सकाळी उठवताना रडला. दुसऱ्या आठवड्यात एकला स्वतःहून आजीची चादर ओढू लागला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दहाच्या आत झोपत होता, आणि झोपवत आईच होती. 'तू नव्हतीस म्हणून झोपला' हे बाकावरचं बोलणं मला या घरातून पुसून टाकायचं होतं. ते पुसलं गेलं. आजीच आता शेजारणींना सांगतात, "पोराची दुपार बघा आधी."

जुलैत वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेला पाहुणे आले, घर भरलं, चिंटू मध्यरात्रीपर्यंत जागला आणि दुपारी कुणाच्यातरी मांडीवर चारला झोपला. चार दिवसांत जुनी गडबड परत. आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज खचलेला होता. मी तिला फक्त सव्वासातचं उठणं धरायला सांगितलं. आठवड्यात गाडी रुळावर आली.

पहाटे तीनला उठून आईच्या अंथरुणात येणं अजून चालू आहे. तिला त्याचा त्रास होत नाही, म्हणून ते मी सोडवायला घेतलेलं नाही. वडिलांची पाळी बदलून रात्रीची झाली तर तळपायाचं तेल आणि भट्टीची गोष्ट आजी करणार आहेत. त्यांनी ती पाठ केली आहे, फक्त त्यांच्या सांगण्यात लोखंडाऐवजी गूळ ओतला जातो, आणि चिंटू त्यांना मधेच थांबवून दुरुस्त करतो.

मैत्रिणीनं मधे विचारलं की तिच्या लेकीलाही हेच लावायचं का. नाही. तान्ह्या बाळाचं रात्र-दिवसाचं घड्याळच दोन-तीन महिने बसलेलं नसतं. तिला दिवसा खिडकी उघडी ठेवायला, रात्री पाजताना दिवा मंद ठेवायला सांगितलं. आणि नवऱ्याला एक वेळ उठायला, म्हणजे तिला सलग चार तास मिळतील.

चिंटू येत्या जूनमध्ये बालवाडीत जाईल. शाळा सकाळची असेल, म्हणजे सव्वासात टिकेल. चौथ्या वर्षाच्या आसपास दुपारची झोप सुटायला लागेल. ती सुटली की रात्रीची वेळ साडेआठ-नऊकडे सरकवावी लागेल आणि वडिलांच्या येण्याशी तिची पुन्हा गाठ पडेल. त्यावर आताच उत्तर काढून ठेवलेलं नाही. फेब्रुवारीत पुन्हा बसायचं ठरलं आहे, आजी धरून सगळ्यांनी.